माळ्यावरचा रंगीत टीव्ही : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुने रंगीत टीव्ही जमवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झालं १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी. त्यामुळे इथला ‘जुना रंगीत संच’ म्हणजे बहुतेक वेळा ऐंशीच्या दशकातला, २० इंची म्हणजे ५१ सेंटिमीटर ट्यूबचा, आठ किंवा बारा बटणांचा टीव्ही. एका अर्थी आपण सुदैवी आहोत. अमेरिकेत १९५४ पासून निघालेल्या संचांमधल्या त्रिकोणी रचनेच्या तीन इलेक्ट्रॉन गन आणि त्यांचं डझनभर प्रीसेट फिरवून करायचं कन्व्हर्जन्स (तिन्ही रंगांची चित्रं एकावर एक नेमकी जुळवणं) आपल्या वाट्याला जवळजवळ आलंच नाही. आपल्याकडे रंग पोचला तोवर तिन्ही गन एका ओळीत बसवलेल्या ट्यूब रुळल्या होत्या.

प्रश्न : जुन्या बाजारात लाकडी कॅबिनेटचा रंगीत संच पाहिला. विकणारा तिथेच चालू करून दाखवायला तयार आहे. घेण्याआधी काय तपासावं? (वाचक, पुणे)

चालू करून दाखवू देऊ नका. इतकी वर्षं बंद असलेल्या संचाला एकदम २३० व्होल्ट दिले की जे धडधाकट आहे तेही जाऊ शकतं, आणि ते तुमच्या पैशाने जातं. बंद संचही बरंच काही सांगतो.

सगळ्यात आधी पिक्चर ट्यूब. बाकी जवळपास प्रत्येक गोष्ट मिळते, बदलता येते किंवा बनवून घेता येते. ट्यूब मात्र आता कुणी बनवत नाही. काचेवर तिरका टॉर्च मारून ओरखडे बघा. नखाला लागणारा ओरखडा कधीच जात नाही. मग मागचं झाकण काढायला सांगा आणि ट्यूबची मान नीट बघा, सॉकेटपाशी चीर किंवा कपची निघालेली असेल तर संच खाली ठेवा. ब्लॅक अँड व्हाइट ट्यूबच्या मानेत चांदीसारखा डाग (गेटर) दिसतो, तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली असं ओळखतात. रंगीत ट्यूबमध्ये हा गेटर बहुधा पुढे फनेलमध्ये असतो आणि बाहेरून दिसतच नाही. म्हणून मानेत डाग नाही यावरून कसलाही निष्कर्ष काढू नका.

मल्टिमीटर सोबत असेल तर ट्यूबचं सॉकेट हळूच, सरळ मागे ओढून काढा आणि हीटरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. सॉकेटच्या छोट्या बोर्डावर त्या पिनांपाशी एच किंवा एफ छापलेलं असतं. थंड हीटर एक-दोन ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला आणि विषय संपला. हीटर आणि कॅथोड यांच्यात मात्र काहीही दिसता कामा नये.

त्यानंतर आतली किट, म्हणजे सर्किटची पाटी, बघा. मूळ किट काढून बाजारातली युनिव्हर्सल किट टाकलेले संच खूप फिरतात. रिमोटचा सेन्सर ग्लू गनने चिकटवलेला, मूळ बटणांच्या जागा रिकाम्या, नवी छोटी पाटी दोन स्क्रूंवर लटकलेली, अशा खुणा दिसल्या की समजा हा संच आता फक्त खोकं आहे. खोकं म्हणून किंमत द्या.

बटणं, ट्यूनिंगच्या चाकांवरची छोटी झडप, मागचं झाकण आणि कंपनीचा बिल्ला हे सगळं जागेवर असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. हीच चिल्लर नंतर शोधताना नाकी नऊ येतात. पोस्टात पैसे भरून काढलेली टीव्ही लायसन्सची पुस्तिका, बिल किंवा सर्किटचा कागद मिळाला तर तो संचाबरोबरच ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे १९८५च्या आसपास घेतलेला संच पंचवीसेक वर्षं माळ्यावर पडून आहे. शेवटी बंद केला तेव्हा चालू होता. सुरू करण्याची योग्य पद्धत कोणती? (वाचक, सातारा)

आधी जिवाची काळजी, मग संचाची. दोन ठिकाणी वीज साठते. एक, पॉवर सप्लायचा मोठा फिल्टर कपॅसिटर. याच्यावर सवातीनशे व्होल्ट असतात. तो २.२ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर पाच-दहा सेकंद लावून रिकामा करा, पेचकस आडवा टाकून नव्हे. दोन, पिक्चर ट्यूब. तिच्यावर वीस हजारांहून जास्त व्होल्ट येतात आणि काच स्वतःच कपॅसिटरचं काम करते. चांगल्या इन्सुलेशनच्या, पातळ पात्याच्या पेचकसाला वायर बांधा आणि वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवर ताणून बसवलेल्या उघड्या वेणीच्या तारेला अडकवा. एक हात पाठीमागे ठेवून पेचकसाचं टोक रबरी टोपीखाली सरकवा. तार किटच्या ग्राउंडला लावू नका, त्या झटक्यात आयसी जातात. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा टेकवा, काचेत थोडा चार्ज परत येतो.

धूळ रंगकामाच्या मऊ ब्रशने झटका आणि ब्लोअर लांबून मारा. ईएचटीची (ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) वायर, रबरी टोपी आणि त्याखालची काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. ओलसर धूळ राहिली की तिथे चरचर आवाज येतो आणि निळसर ठिणगी दिसते. कोकणातून किंवा गोव्यातून आलेल्या संचाला हे काम दुप्पट काळजीने करावं लागतं. तिथल्या दमट, खारट हवेत पायांना हिरवा गंज चढतो आणि प्रिंटच्या रेषा आतून तुटतात.

आता सोल्डर. किट उलटी करून भिंगातून बघा. ईएचटी ट्रान्सफॉर्मर, हॉरिझॉन्टल ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, योकचा (ट्यूबच्या मानेवरच्या, बीम वळवणाऱ्या कॉइलचा) प्लग आणि हीट सिंकवरच्या ट्रान्झिस्टरचे पाय, या सगळ्यांभोवती बारीक काळी गोल रेघ दिसते का? तोच ड्राय सोल्डर. नुसतं गरम करून भागत नाही. जुनं सोल्डर ओढून काढा, पाय खरवडा, पेस्ट लावून नवं भरा.

मुख्य फिल्टर कपॅसिटर (१०० ते २२० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट) हळूहळू व्होल्टेज देऊन पुन्हा जागवता येतो असं बरेच जण सांगतात. तांत्रिकदृष्ट्या ते खरं आहे, पण नवा १०५ अंशांचा कपॅसिटर इतक्या थोड्या पैशात मिळतो की त्यासाठी वेळ घालवू नये. तोच बदला. त्यासोबत बी प्लसचा, म्हणजे हॉरिझॉन्टल आउटपुटला जाणाऱ्या मुख्य डीसी सप्लायचा, कपॅसिटर (बहुधा १०० मायक्रोफॅरड, १६० व्होल्ट) आणि पॉवर सप्लायच्या हीट सिंकला चिकटून बसलेले १ ते ४७ मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर बदला. हे छोटेच सगळ्यात लबाड, उष्णतेने आतून सुकतात आणि बाहेरून नव्यासारखे दिसतात. मेन्सवरचा चौकोनी कपॅसिटर तडकलेला असेल तर तिथे २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ वर्गाचाच घाला. एवढं झालं की थांबा. किटवरचे सगळे कपॅसिटर एका बैठकीत बदलायला जाऊ नका. एक उलटा बसला तर मूळ दोष कुठला आणि तुम्ही केलेला कुठला, हे शोधता शोधता दमाल.

पहिला करंट सिरीज बोर्डवर, म्हणजे मध्ये एक बल्ब सिरीजमध्ये जोडून, द्या. बल्ब १०० वॉटचा, जुना फिलामेंटचा हवा. एलईडी इथे कामाचा नाही. त्याआधी डीगॉसिंग कॉइलचा (पडद्याचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा) प्लग काढून ठेवा, नाहीतर ती कॉइल सुरुवातीला इतका करंट ओढते की चांगला संचही शॉर्ट वाटतो. हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर काढा आणि बी प्लसच्या कपॅसिटरला समांतर ६० वॉटचा बल्ब लावा. स्विच टाकल्यावर सिरीजचा बल्ब एकदा चमकून मंद व्हायला हवा. पूर्ण प्रकाशात पेटून राहिला तर ब्रिजचे डायोड किंवा चॉपर (सप्लायचा स्विचिंग ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे. मंद झाला तर बी प्लस मोजा. एसटीआर ५०१०३ हा रेग्युलेटर असलेल्या संचांत तो १०३ व्होल्टच्या आसपास हवा. इतर किटवर ११०, ११५, १३० असे वेगवेगळे आकडे असतात आणि बहुधा बोर्डावरच छापलेले असतात. बल्ब जोडलेला असतानाच व्होल्टेज पंधरा-वीसने जास्त दिसत असेल तर ट्रान्झिस्टर परत बसवू नका, आधी सप्लाय दुरुस्त करा.

व्हेरिअॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) ३०-४० व्होल्टपासून हळूहळू चढवत नेण्याची पद्धत व्हॉल्व्हच्या रेडिओला चालते. स्विचिंग सप्लायला ती मानवत नाही. कमी व्होल्टेजला चॉपर नीट ऑसिलेट होत नाही आणि गरम होऊन जातो.

या काळातल्या अनेक संचांची चासी थेट मेन्सला जोडलेली असते. मागचं झाकण उघडं ठेवून काम करताना २३० ते २३० व्होल्टचा, ५०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घ्याच.

प्रश्न : आवाज ठीक आहे, पण पडद्यावर मधोमध फक्त एक आडवी पांढरी रेघ दिसते. (वाचक, नांदेड)

व्हर्टिकल, म्हणजे बीमला वर-खाली फिरवणारा भाग, बंद आहे. पहिलं काम म्हणजे ब्राइटनेस अगदी कमी करा, नाहीतर ईएचटीवरचा ‘स्क्रीन’ प्रीसेट खाली आणा. सगळा बीम एकाच रेषेवर पडतो आणि तिथला फॉस्फर कायमचा जळतो.

मग योकचा प्लग आणि त्याचं सोल्डर बघा. त्यानंतर व्हर्टिकल आयसीला सप्लाय येतो का ते मोजा. एलए ७८३० असेल तर साधारण २४ व्होल्ट हवेत. हा सप्लाय ईएचटी ट्रान्सफॉर्मरवरून, एका फ्युजिबल रेझिस्टरमधून येतो. तो उघडा झाला असेल तर नुसता बदलून मोकळे होऊ नका, कारण आयसी आतून शॉर्ट झाल्यामुळेच तो बहुधा उडालेला असतो. दोन्ही एकदमच बदला, आणि हीट सिंकला पेस्ट लावायला विसरू नका.

चित्र आहे, पण वरच्या चार बोटांत दुमडल्यासारखं दिसतं आणि तिथे पांढऱ्या तिरक्या रेषा येतात, असं असेल तर आयसीजवळचा बूस्ट कपॅसिटर (बहुधा १०० मायक्रोफॅरड) सुकलेला असतो. आयसी बदलण्यापूर्वी तो बदला.

प्रश्न : हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर बदलला की संच दहा-पंधरा मिनिटं छान चालतो, मग ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो. तीन बदलून झाले. (वाचक, कोल्हापूर)

चौथा बसवू नका. ट्रान्झिस्टर मरतोय, पण मारणारा दुसराच आहे.

आधी नंबर जुळवा. बीयू ५०८ डी आणि बीयू ५०८ ए यांत फरक आहे. ‘डी’च्या आत डॅम्पर डायोड असतो, ‘ए’मध्ये नसतो. किटवर वेगळा डॅम्पर नसताना ‘ए’ बसवला तर तो टिकणार नाही. ‘डी’ प्रकारात बेस आणि एमिटर यांच्यात मीटर ३० ते ५० ओहम दाखवतो. तो आतला रेझिस्टर असतो, शॉर्ट नव्हे. चांगले ट्रान्झिस्टर या गैरसमजातून फेकले जातात. बनावट मालही बाजारात पुष्कळ आहे. छपाई बोटाने पुसली जाते, वजन हलकं लागतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात तर जुन्या संचातून काढलेला, तपासलेला मूळ ट्रान्झिस्टर मागा. आमच्या मते नव्या स्वस्त मालापेक्षा तोच बरा.

दुसरा संशयित म्हणजे कलेक्टरला लागून असलेला रिट्रेस कपॅसिटर. हा पॉलिप्रॉपिलिनचा, १६०० व्होल्टचा आणि काही नॅनोफॅरडचा असतो. त्याची व्हॅल्यू घटली किंवा पाय सुटला की रिट्रेसचा पल्स उंच होतो, कलेक्टरवरचं व्होल्टेज ट्रान्झिस्टरच्या १५०० व्होल्टच्या मर्यादेपलीकडे जातं आणि ईएचटीही वाढते. इथे व्हॅल्यू आणि व्होल्टेज अगदी तीच हवी, ‘जवळपासची’ चालत नाही. ४०० व्होल्टचा साधा कपॅसिटर घातला तर काही क्षणांत फुटेल.

तिसरा आहे ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, आणि दहा-पंधरा मिनिटांनी येणाऱ्या दोषात आमचा पहिला संशय याच्यावरच जातो. त्याच्या पायाशी ड्राय सोल्डर असेल तर गरम झाल्यावर बेसला पुरेसा करंट मिळत नाही, ट्रान्झिस्टर पूर्ण ऑन होत नाही आणि तापून जातो. ड्रायव्हरच्या सप्लायमधला छोटा कपॅसिटर सुकला तरी हेच होतं.

हे सगळं ठीक निघालं तर ईएचटीच्या आतली वेटोळी शॉर्ट आहेत का, ते रिंग टेस्टरने बघा. मल्टिमीटरला एकदोन शॉर्ट वेटोळी कळत नाहीत. हीट सिंकमधला अभ्रक तडकलेला नाही ना, हेही बघून घ्या.

प्रश्न : पडद्याच्या कोपऱ्यांत जांभळट-हिरवट डाग आहेत. ट्यूब गेली का? (वाचक, नाशिक)

नाही. ट्यूबच्या आत, पडद्यामागे लोखंडी जाळी असते, तिला चुंबकत्व लागलं आहे. आधी जवळचा स्पीकर, स्टॅबिलायझर, लोखंडी कपाट लांब करा. चालू करताक्षणी ‘घुंऽऽ’ असा एक-दोन सेकंदांचा आवाज येतो का, ते ऐका. येत नसेल तर डीगॉसिंगचा पॉझिस्टर गेला आहे. हा दोन किंवा तीन पायांचा छोटा डबा थंड असताना दहा-वीस ओहमच्या घरात असतो. हलवल्यावर खुळखुळला तर आतली चकती फुटली समजा. फुटलेली चकती कधीकधी शॉर्ट होऊन फ्यूजही उडवते.

खूप जुने डाग नुसता पॉझिस्टर बदलून जात नाहीत. त्याला हातातली डीगॉसिंग कॉइल हवी. संच चालू ठेवून कॉइल दीड-दोन मीटरवर सुरू करा, पडद्यापाशी आणून सावकाश गोल फिरवा, फिरवत फिरवतच पुन्हा दोन मीटर मागे या, कॉइल पडद्याला काटकोनात वळवा आणि मग बटण सोडा. पडद्याजवळ असताना बटण सुटलं तर आधीपेक्षा मोठा डाग पडतो.

इतकं करूनही डाग राहिला तर योक पुढे-मागे सरकला आहे का ते बघा. त्याला टेकू देणारे रबरी पाचर वाळून गळून पडतात. मानेवरच्या चुंबकाच्या कड्यांना मात्र हात लावू नका. कारखान्यात त्यावर पांढऱ्या रंगाची खूण केलेली असते. ती एकदा हलली की प्युरिटी (प्रत्येक रंग शुद्ध दिसणं) आणि कन्व्हर्जन्स दोन्ही मुळापासून करावं लागतं.

प्रश्न : चित्र उमटायला दहा मिनिटं लागतात आणि लाल रंग फिका आहे. मेकॅनिक म्हणतो, ईएचटीच्या कोअरवर दोन वेटोळी वायर गुंडाळून हीटर वाढवतो, नाहीतर नवी किट टाकू. (वाचक, सोलापूर)

नव्या किटचा आणि फिक्या ट्यूबचा काहीही संबंध नाही. तो सल्ला बाजूला ठेवा.

ट्यूबवर ठपका ठेवण्याआधी एक सोपी चाचणी करा. संच बंद करून ट्यूबच्या बोर्डावर लाल आणि हिरव्या कॅथोडला जाणाऱ्या वायरी आपसात बदला. आता हिरवा सिग्नल लाल गनला जातो. लाल गन तरीही फिकीच राहिली तर दोष ट्यूबचा. तिचा जोर परत आला आणि हिरवी फिकी पडली, तर दोष त्या वायरीमागच्या ट्रान्झिस्टरचा किंवा रेझिस्टरचा आहे, आणि तो थोडक्या पैशांत बरा होतो. वायरी परत जागेवर लावायला विसरू नका.

हीटरचं व्होल्टेज ६.३ असायला हवं, पण ते ईएचटी ट्रान्सफॉर्मरवरून १५,६२५ हर्ट्झच्या पल्समध्ये येतं आणि साधं मल्टिमीटर तिथे चुकीचा आकडा दाखवतं. त्या आकड्यावर विसंबून काही बदलू नका. हीटरच्या वाटेतला छोटा रेझिस्टर मोजा. त्याची व्हॅल्यू वाढली असेल तर हीटर उपाशी राहतो आणि लक्षणं अगदी म्हाताऱ्या ट्यूबसारखी दिसतात.

वेटोळी गुंडाळून हीटर वाढवल्यावर चित्र उजळतं हे खरं. पण कॅथोडवरचा उरलासुरला थर त्या उष्णतेने भराभर संपतो. दुकानदाराला संच गिऱ्हाइकाकडे परत पाठवायचा असतो, तेव्हा हा उपाय त्याच्या दृष्टीने ठीक. जपून ठेवायच्या संचाला तो आम्ही सुचवणार नाही. रिजुव्हिनेटर (थकलेल्या कॅथोडला विजेचा झटका देऊन जागवणारं यंत्र) लावणंही तसंच. कधी वर्षभर पुरतं, कधी आठवडाभर, तर कधी गन शॉर्ट होऊन सगळंच संपतं. ट्यूब पाहता येत नाही इतकी गेली असेल तरच तो जुगार खेळा.

दुसरी ट्यूब भंगारातल्या त्याच मापाच्या संचातून काढता येते. मानेची जाडी (२९.१ की २२.५ मिलिमीटर), ९० अंशांचं डिफ्लेक्शन, सॉकेटच्या पिना आणि हीटरचा करंट जुळायला हवा. ट्यूब तिच्या योकसकट आणि कड्यांसकट उचला, म्हणजे कन्व्हर्जन्स शाबूत राहतं. मात्र त्या योकच्या दोन्ही कॉइलींचा रेझिस्टन्स, आणि शक्य असेल तर एलसीआर मीटरने इंडक्टन्सही, तुमच्या योकशी ताडून बघा. फार फरक असेल तर रुंदी-उंची जमणार नाही आणि आउटपुट ट्रान्झिस्टरवर ताण येईल. ट्यूब नेहमी तोंडाच्या बाजूने, दोन्ही हातांनी उचला, मानेला धरून कधीच नाही. डोळ्यांना गॉगल हवाच.

प्रश्न : संच दुरुस्त झाला, पण आता त्यावर बघायचं काय? मागे फक्त चपट्या वायरचे दोन स्क्रू आहेत, एव्ही सॉकेट नाही. (वाचक, ठाणे)

दूरदर्शनचे जुने अॅनलॉग प्रक्षेपक जवळजवळ सगळे बंद झाले, त्यामुळे अँटेनावर आता मुंग्याच दिसणार. तुम्हाला आरएफ मॉड्युलेटर लागेल. डिश बॉक्सची पिवळी-पांढरी-लाल एव्ही केबल त्यात जाते आणि त्यातून टीव्हीला चॅनल मिळतो.

मॉड्युलेटर घेताना दोन गोष्टी विचारा. तो पॅल बी/जीचा (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचा) असावा, म्हणजे आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असेल. ६ मेगाहर्ट्झचा असेल तर चित्र येईल पण आवाज फुसफुसेल. आणि तो व्हीएचएफवर चालणारा असावा. व्हीसीआरच्या काळातले मॉड्युलेटर बहुतेक यूएचएफवर, चॅनल ३६च्या आसपास काम करत, आणि सुरुवातीच्या अनेक संचांत यूएचएफ ट्यूनरच नसतो. मुंबई केंद्र ज्यावर दिसायचं तो चॅनल ४, म्हणजे ६२.२५ मेगाहर्ट्झ, निवडलात तर जुना संच अगदी घरच्यासारखा चालतो. झडपेखालचा बँडचा खटका ‘१’ वर ठेवा आणि त्या बटणाचं छोटं चाक फिरवत जा.

केबल ७५ ओहमची आणि चपटी वायर ३०० ओहमची, म्हणून दोन्ही जुळवायला मध्ये बलून नावाचा छोटा जोड लागतो. बोटाएवढा असतो आणि अँटेनाच्या दुकानात मिळतो. मॉड्युलेटरचा सिग्नल फार जोरदार असेल तर चित्रावर माशाच्या काट्यासारखी नक्षी येते आणि अक्षरं उमटली की आवाजात गुरगुर होते. सिग्नल कमी करणारा १० किंवा २० डेसिबलचा अॅटेन्युएटर घातला की दोन्ही थांबतं.

नव्या बॉक्सला फक्त एचडीएमआय असेल तर एचडीएमआय ते एव्ही असा कन्व्हर्टर आधी लावा. त्याच्या बाजूला एनटीएससी (अमेरिकेची पद्धत) आणि पॅल यांचा बारीक खटका असतो. तो पॅलवर नसला की चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतं, उंचीला आखूड दिसतं आणि कधी वर-खाली पळतं. रंगाचा आयसी गेला समजून लोक किट उघडून बसतात, आणि दोष त्या खटक्यात असतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडायलाही विसरू नका.

चासी मेन्सला जोडलेल्या संचात भोक पाडून थेट एव्ही सॉकेट बसवून देणारे कारागीर आहेत. आयसोलेशन न करता हे केलं तर डिश बॉक्सचा धातूचा भाग थेट मेन्सशी जोडला जातो. असं काम कुणी केलेलं दिसलं तर ते आधी उखडून काढा.

प्रश्न : अर्ध्या तासाने चॅनल आपोआप सरकतो. चाक फिरवून जागेवर आणावा लागतो. (वाचक, अकोला)

ट्यूनिंगचं ३३ व्होल्ट स्थिर ठेवणारा छोटा स्टॅबिलायझर (टीएए ५५० किंवा यूपीसी ५७४) गरम झाल्यावर हलतोय. स्वस्त आहे, बदला. तरीही फक्त एकाच बटणावर चॅनल सरकत असेल तर त्या चाकाचा कार्बन ट्रॅक खराब आहे. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

प्रश्न : आखातातून आणलेल्या सोनीच्या ट्रिनिट्रॉन टीव्हीवर पांढऱ्या चित्रात दोन अतिशय बारीक आडव्या रेषा दिसतात. (वाचक, रत्नागिरी)

त्या असायलाच हव्यात. ट्रिनिट्रॉनमध्ये छिद्रांची जाळी नसून उभ्या बारीक पट्ट्या असतात. त्या थरथरू नयेत म्हणून आडव्या तारा ताणलेल्या असतात, त्यांची ही सावली. लहान पडद्यावर एक, मोठ्यावर दोन.

प्रश्न : अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिथला ऐंशीच्या दशकातला रंगीत संच पाठवला. इथे चालेल का? (वाचक, नागपूर)

चालेल, पण त्याला त्याच्याच पद्धतीचं खाद्य द्यावं लागेल. तो संच ५२५ ओळी, ६० फील्ड आणि ३.५८ मेगाहर्ट्झच्या रंगाचा, म्हणजे एनटीएससीचा आहे. आपला पॅल ६२५ ओळी, ५० फील्ड आणि ४.४३ मेगाहर्ट्झचा. त्याला पॅलवर वळवण्याच्या फंदात पडू नका, संचही बिघडेल आणि त्याचं मोलही जाईल. २३० ते ११० व्होल्टचा, ३०० व्हीएचा खरा ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रवासात वापरतात तो हलका कन्व्हर्टर नको. डीव्हीडी प्लेअरच्या मेन्यूत आउटपुट एनटीएससी करा आणि मॉड्युलेटर अमेरिकन चॅनल ३ किंवा ४ चा, ४.५ मेगाहर्ट्झ आवाजाचा वापरा. वर सांगितलेला एचडीएमआय कन्व्हर्टर इथे मुद्दाम एनटीएससीच्या बाजूला ठेवायचा.

प्रश्न : संच नेमका कोणत्या वर्षीचा हे कसं ओळखावं? बिल नाही. (वाचक, मडगाव)

आयसींवरचे चार आकडे वाचा. ८५२३ म्हणजे १९८५ सालचा तेविसावा आठवडा. तीन-चार आयसी पाहून त्यांतली सगळ्यात अलीकडची तारीख धरा, संच त्यानंतर काही महिन्यांत जुळवला असेल. एखादाच आयसी बाकीच्यांपेक्षा बराच नवा असेल तर तो दुरुस्तीत बदललेला आहे.

प्रश्न : लाकडी कॅबिनेटचं व्हिनिअर सुटलं आहे, पुढची प्लास्टिकची चौकट पिवळी पडली आहे. (वाचक, जळगाव)

ट्यूब आणि किट बाहेर काढल्याशिवाय कॅबिनेटला हात लावू नका. लाकडाचा भुसा ईएचटीवर बसला तर पुन्हा पहिल्यापासून सफाई करावी लागेल. भोकांतून पिवळी पूड गळत असेल तर कीड जिवंत आहे. वाळवीचं औषध सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा आणि आठवडाभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. सुटलेल्या व्हिनिअरखाली पांढरा फेव्हिकॉल पातळ करून सिरिंजने घाला, वर बटर पेपर, त्यावर सपाट फळी आणि वजन, असं रात्रभर राहू द्या.

पॉलिश मात्र आधी ओळखा. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर चिकट झालं तर ते लाखेचं फ्रेंच पॉलिश. त्यावर पुन्हा लाख आणि स्पिरिटच चालेल, पॉलियुरेथेन मारू नका. चिकट झालं नाही तर बारीक, १२०० नंबरच्या पेपरने हलकं घासून मेण लावलं तरी पुरतं.

पिवळी चौकट पूर्ण सुटी करा, भांडी धुवायच्या साबणाने धुवा, मग केसांच्या डायबरोबर मिळतं ते १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम हातमोजे घालून सगळीकडे सारखं लावा. वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून उन्हात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने क्रीम पसरवत राहा. क्रीम कुठे वाळलं तर तिथे ढगाळ चट्टे पडतात. छापील अक्षरांवर आणि चंदेरी पट्टीवर क्रीम जाऊ देऊ नका, ती निघून येतात. उन्हाळ्यात तुमच्या जळगावला चार तास पुरतील.

प्रश्न : हवा शिरून मेलेली ट्यूब फोडून टाकली तर चालेल का? (वाचक, सांगली)

फोडू नका. मागच्या फनेलच्या काचेत शिसं असतं, आणि आतली पांढरी फॉस्फरची पूड श्वासात जाऊ नये. ट्यूब पूर्णच नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. देण्याआधी तिचा योक, मानेवरच्या कड्या, वेणीची तार, डीगॉसिंग कॉइल आणि रबरी पाचर काढून, ट्यूबच्या नंबरासह पिशवीत भरून ठेवा.